अ‍ॅस्टरिस्कमध्ये लँडलाइनचं कार्ड टाकताय? या चुका टाळा

अ‍ॅस्टरिस्क म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर, अन् लँडलाइन त्याला जोडायला कॉम्प्युटरात कार्ड बसवावं लागते. "कार्ड उडालं भाऊ, नवीन मागवा." जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, पतसंस्थावाले, सगळ्यांचं हेच. पण बहुतेक वेळा कार्ड चांगलंच असते, फक्त आपली लाइन कशी आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसते. कॉन्फिग कुठून तरी अमेरिकेची कॉपी मारलेली, अन् लाइन आपल्या तालुक्याच्या एक्स्चेंजची. मग काय होणार.

सगळ्यात जास्त घोळ एफएक्सओ अन् एफएक्सएस या दोन जातींच्या पोर्टांचा. डिजियम कंपनीच्या जुन्या कार्डांवर लाल मॉड्यूल म्हणजे एफएक्सओ, त्यात बाहेरची लाइन येते, अन् हिरवं म्हणजे एफएक्सएस, त्याला टेबलावरचा साधा फोन लागतो. इथपर्यंत सगळ्यांना समजते, पण कॉन्फिगमध्ये सिग्नलिंग उलटं लिहावं लागते, कारण ते नाव समोरच्या बाजूचं असते. म्हणजे लाल पोर्टला एफएक्सएस सिग्नलिंग, हिरव्याला एफएक्सओ. त्यात अजून एक गंमत, डाहडीच्या (म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरच्या) सिस्टिम.कॉन्फमध्ये "एफएक्सएसकेएस" सलग लिहायचं अन् अ‍ॅस्टरिस्कच्या चॅन_डाहडी.कॉन्फमध्ये मधात अंडरस्कोर टाकून "एफएक्सएस_केएस". अन् बाहेरची लाइन चुकूनही हिरव्या पोर्टात खुपसू नका, दोन्हीकडून व्होल्टेज येते अन् मग कार्ड खरंच उडते.

चॅन_डाहडी.कॉन्फ वरून खाली वाचली जाते, म्हणून "चॅनेल" ची ओळ सगळ्यात शेवटी. तिच्या खाली लिहिलेलं त्या चॅनेलला लागतच नाही, अन् माणूस बसते डोकं खाजवत. सिग्नलिंग बदललं तर नुसता रीलोड चालत नाही, अ‍ॅस्टरिस्क पूर्ण रिस्टार्ट करा, पण ऐन कापसाच्या गाड्यांच्या भावाच्या वेळी नका करू राजेहो, चालू कॉल सगळे तुटतात.

आता फोन ठेवल्यावरही लाइन मोकळी होत नाही ही तक्रार. समोरच्यानं फोन ठेवला हे अ‍ॅस्टरिस्कला आपोआप समजत नाही, त्याला टोन ऐकून ओळखावं लागते. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. म्हणून दोन्ही ठिकाणी, म्हणजे सिस्टिम.कॉन्फमधल्या लोडझोन अन् डिफॉल्टझोनला (कोणत्या देशाचे टोन ते), "इन" लिहा, "यूएस" नाही, अन् चॅन_डाहडी.कॉन्फमध्ये बिझीडिटेक्ट चालू करून बिझीपॅटर्न ७५०,७५० द्या. बिझीकाउंट, म्हणजे किती टोन ऐकून कॉल तोडायचा, ४ पासून सुरू करा. घाई म्हणून २ केला तर बोलता बोलता कॉल कटतो, कारण आवाजातलाच एखादा तुकडा त्याला टोन वाटतो. तरी जमत नसेल तर डाहडी_मॉनिटरनं लाइन रेकॉर्ड करून कानानं ऐका, काही एक्स्चेंज फोन ठेवल्यावर वेगळाच जलद टोन देतात. पोलॅरिटी रिव्हर्सल (फोन उचलला-ठेवला की लाइनचं अधिक-उणं पलटणं) लाइनवर मिळत असेल तर सोन्याहून पिवळं, एक्स्चेंजात विचारून घ्या. पण न विचारताच "आन्सरऑनपोलॅरिटीस्विच" (पोलॅरिटी पलटली तरच कॉल उचलला असं धरणं) चालू करणारे लय आहेत, मग समोरचा हॅलो हॅलो करते अन् अ‍ॅस्टरिस्कच्या हिशोबानं कॉल अजून उचललाच नाही.

नंबर दिसत नाही? आपल्या तांब्याच्या लाइनवर कॉलर आयडी बहुतेक डीटीएमएफनं (बटण दाबल्यावर ऐकू येतात तसल्या टोननं) अन् पहिल्या रिंगच्या आधी येतो. सीआयडीसिग्नलिंग "डीटीएमएफ" करा अन् सीआयडीस्टार्ट "पोलॅरिटी_इन" करून पाहा, हा पर्याय खास भारतासाठीच टाकलेला आहे. लाइन पोलॅरिटी देत नसेल तर सीआयडीस्टार्ट "डीटीएमएफ" करून पाहा. फायबरच्या डब्याच्या फोन पोर्टातून लाइन घेतली असेल तर मात्र हीच सेटिंग तिथं चालेल असं धरून बसू नका. अन् त्या डब्याला पण इन्व्हर्टर द्या, नाहीतर सर्व्हर चालू अन् लाइन मेलेली.

लांबच्या गावाच्या लाइनवर आवाज घुमत असेल तर आधी ड्रायव्हरचा ऑपरमोड "इंडिया" करा, मग अ‍ॅस्टरिस्क बंद ठेवून एफएक्सओट्यून (कार्ड लाइनशी जुळवणारा प्रोग्राम) चालवा. ती सेटिंग रिबूटला निघून जाते, म्हणून बूटच्या वेळी "-एस" लावून परत चालवायला विसरू नका. इको कॅन्सलरवर (घुमणं दाबणाऱ्यावर) ढकलून मोकळं होणं सोपं, पण कार्डाचा अन् लाइनचा इम्पेडन्सच (विजेचा अडथळा) जुळत नसेल तर तो तरी काय करणार.

रेड अलार्म दिसला की लोक कॉन्फिग उपसत बसतात. एफएक्सओवर त्याचा अर्थ एवढाच की पोर्टवर लाइनचं व्होल्टेजच नाही. साधा फोन लावून डायल टोन पाहा, नसेल तर लाइनमनला सांगा. अन् हिरव्या पोर्टचा फोन वाजतच नसेल तर कार्डाला हार्ड डिस्कवाली चार पिनची पॉवर वायर लावली का ते पाहा, टीडीएम४००पी सारख्या कार्डाला ती लागतेच.

मृगाच्या आधीच्या विजांनी कार्डं जातात, तो भाग वेगळा. सर्ज प्रोटेक्टर लावला पण अर्थिंगच नाही तर तो नुसता शोभेचा. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, तिथं आठवड्यातून बादलीभर पाणी टाका. आभाळ गडगडलं की लाइन काढून ठेवणं सगळ्यात भारी.

अन् कर्नल अपडेट. डाहडीचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) सोबत येत नाहीत, कर्नल बदलला की ते परत कंपाइल करावे लागतात. रिबूटनंतर कार्ड "गायब" झालं तर आधी एलएसपीसीआय (बसवलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड) मारा, तिथं दिसत असेल तर कार्ड जिवंत आहे, डाहडी नव्यानं बसवा, मग डाहडी_सीएफजी -व्हीव्ही चालवा. सीझनभर कर्नलचं अपडेट होल्डवर टाकलं तरी चालते.