ऑडिओ शोमध्ये ऐकलेले हाय-एंड स्पीकर एकमेकांशी ताडून कसे बघायचे

ऑडिओ शो, म्हणजे जिथे कंपन्या एकेका खोलीत आपले स्पीकर वाजवून दाखवतात ते प्रदर्शन, बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय सांगतो, तर अमक्या खोलीत बास (खालचे जाड सूर) कसला भारी होता आणि तमक्या खोलीतला तो माणसाएवढा टॉवर स्पीकर अगदीच फुसका निघाला. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा स्पीकरबद्दल नसतातच, खोलीबद्दल असतात. त्यामुळे शोला स्पीकर पसंत करायला जायचंच नाही, यादी छोटी करायला जायचं, आणि ती करताना ऐकलेल्यातलं काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं हे आधीच ठरवून जायचं.

बासपासूनच सुरू करतो कारण सगळ्यात जास्त लोक तिथे फसतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट झाली साडेआठ मीटरची. बहुतेक शो हॉटेलात भरतात, तिथली खोली समजा ५ मीटर लांब आहे तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३४ हर्ट्झच्या आसपास पहिली स्टँडिंग वेव्ह (जागच्या जागी उभी राहिलेली, कुठे मोठी कुठे गप्प अशी लाट) तयार होते, मग ६९ ला, मग १०३ ला, शिवाय रुंदीच्या आणि उंचीच्या वेगळ्या. मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसलात तर हे सगळे सूर फुगून येणार, आणि बरोबर मध्यावर बसलात तर तो ३४ वाला जवळजवळ गायब. स्पीकर तोच, गाणं तेच. छोट्या खोल्यांत साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली खोलीचंच राज्य असतं, आणि भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवून ठेवलेला स्पीकर त्यात आणखी भर घालतो.

हे ओळखायला मला सगळ्यात आवडणारी टेस्ट म्हणजे तबला सोलोचं चांगलं रेकॉर्डिंग. डग्ग्यावर मनगट दाबत नेऊन जी मींड काढतात ना, तो सूर खालून वर सलग सरकत जातो, मध्ये पायऱ्या नसतात. खोली एखाद्या ठिकाणी फुगत असेल तर तो सूर सरकता सरकता एका जागी अचानक ढुम्म करून मोठा होतो किंवा मध्येच खड्ड्यात पडल्यासारखा गप्प होतो. मग उठायचं, दोन पावलं मागे नाहीतर बाजूला जाऊन तोच तुकडा परत ऐकायचा. फुगवट्याने जागा बदलली की समजायचं हा खोलीचा प्रताप, आणि त्या खोलीतल्या बासबद्दल बरंवाईट काहीच लिहायचं नाही. पोर्टमधून (खोक्याला बाससाठी ठेवलेलं भोक) हवेचा फसफस आवाज येतोय किंवा मोठ्या आवाजात वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) खडखडतोय एवढं मात्र नक्की लिहा, ते स्पीकरचंच.

दुसरी भानगड व्हॉल्यूमची. दोन स्पीकरमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असला तर कान "हा मोठा आहे" असं म्हणत नाही, "हा जास्त क्लिअर आहे, यात जान आहे" असं म्हणतो. वर आवाज वाढला की आपल्याला बास आणि अगदी वरचे सूर प्रमाणापेक्षा जास्त वाढल्यासारखे वाटतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. एकाच खोलीत दोन जोड्या लावल्या असतील तर डेमो देणाऱ्याचा हात बघत बसा, महाग जोडीवर स्विच केल्यावर रिमोट हळूच वर जातो का ते. (दर वेळी लबाडीच असते असं नाही, दोघांची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच सिग्नलला स्पीकर किती मोठा वाजतो ते, वेगळी असली की नॉब तोच ठेवूनसुद्धा आवाज बदलतो.) उपाय सोपा आहे, फोनवर साउंड मीटरचं अ‍ॅप टाकून घ्या, त्याचा आकडा शंभर टक्के बरोबर नसला तरी चालतं कारण सगळ्या खोल्यांत तोच फोन वापरायचाय. तुमच्या ट्रॅकचा एक ठरावीक तुकडा घ्या आणि त्या तुकड्याला मीटर ७५ डेसिबलच्या आसपास येईल इतका व्हॉल्यूम ठेवायला सांगा. नाही म्हणाले तर निदान वहीत लिहून ठेवा की इथे ८८ ला वाजत होतं.

आता ट्रॅक. डेमोवाल्यांची गाणी ठरलेली असतात, एक बाई अगदी माइकजवळ येऊन कुजबुजत गातेय, सोबत एक गिटार आणि मध्येच कुठेतरी एक ड्रम. असलं काही कुठल्याही बऱ्या स्पीकरवर छानच वाजतं, त्यावरून फरक कळत नाही. स्वतःचे चार-पाच ट्रॅक पेनड्राइव्हवर न्या, फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गाळता साठवलेली), सीडी क्वालिटी पुरे. त्यात एक पुरुषाचा आवाज हवा जो तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलाय, एक पियानो किंवा हार्मोनियम, एक तानपुरा, एक भरगच्च कोरस किंवा ऑर्केस्ट्रा आणि एक जुनं मोनो रेकॉर्डिंग. मोनोचं कारण असं की दोन्ही स्पीकरमधून हुबेहूब तेच येतंय, मग गाणारा बरोबर मधोमध, मुठीएवढ्या जागेत उभा राहायला पाहिजे. तो पसरला किंवा वरचा सूर लागला की एका बाजूला सरकला तर जोडी नीट जुळलेली नाही, नाहीतर दोन बाजूच्या भिंती सारख्या नाहीत. अर्थात हे मधल्या खुर्चीत बसूनच कळतं, कडेच्या खुर्चीतून इमेजिंगबद्दल, म्हणजे कोण कुठे उभा आहे असं ऐकू येण्याबद्दल, बोलूच नये.

खरा निकाल लागतो तो माणसाच्या आवाजावर, साधारण ३०० हर्ट्झच्या वर, कारण तिथून वर खोलीचा हात कमी आणि स्पीकरचा स्वभाव जास्त ऐकू येतो. मराठी गाणं लावा आणि नुसता च ऐका. "चांदणं" मधला च आणि "चंद्र" मधला च आपल्या कानाला जन्मापासून वेगळे माहीत आहेत, पहिल्याची सळसळ वरच्या फ्रीक्वेन्सीत असते, दुसऱ्याची जरा खाली. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कुठेतरी उसळी मारत असेल तर दोन्ही च सारखेच धारदार लागतात आणि प्रत्येक स ला सुई टोचते. तानपुऱ्याच्या जवारीतही हेच, चांगल्या स्पीकरवर ते झंकार एकमेकांत मिसळत उलगडतात, वाईटावर एकच सूर सारखा पुढे पुढे करतो. कोणी म्हणालं की "अजून रन-इन झाले नाहीत साहेब", म्हणजे नवे आहेत, वाजून मोकळे व्हायचेत, तर मान डोलवा आणि जे ऐकलं तेच लिहा.

मग उठा आणि फिरा. हे फार कमी लोक करतात आणि यातच खूप कळतं. गाणं चालू असताना मधल्या खुर्चीवरून हळूहळू बाजूला जा, आवाजाचा पोत तसाच राहून फक्त थोडा मंद होत गेला तर डिझाइन चांगलं, आणि दोन पावलांवर गायक एकदम नाकातून गायला लागला तर वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांकडे सूर सोपवतात तिथे गडबड आहे. खोलीत भिंतींवर आपटून जो आवाज तुमच्याकडे येतो तो स्पीकरच्या बाजूने निघालेलाच असतो ना, म्हणून हे महत्त्वाचं. दाराबाहेरून ऐकायची जुनी ट्रिकही याचसाठी चालते, कॉरिडॉरमध्ये सरळ आवाज पोचतच नाही तरी आत खरंच कोणी गातंय असं वाटलं तर ती खोली परत बघण्यासारखी. एक सांगायचं राहिलं, गर्दीत मागे उभं राहून ट्रेबल (वरचे सूर) कमी आहे असं ठरवू नका, पुढचं डोकं ट्रेबल खातं, आणि बऱ्याच स्पीकरचा आवाज कान ट्वीटरच्या उंचीवर असतानाच जुळून येतो. चार-पाच ड्रायव्हरचा (वूफर, ट्वीटर असे आवाज काढणारे भाग) मोठा टॉवर असेल तर निदान तीन मीटर लांब बसा, जवळ बसलं की प्रत्येक ड्रायव्हर वेगळा ऐकू येतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा प्लेनर पॅनेलची (खोक्याऐवजी पातळ पडद्याचे सपाट स्पीकर) गोष्ट वेगळी आहे, ते पुढे आणि मागे दोन्हीकडे वाजतात आणि बाजूला जवळजवळ गप्प असतात, त्यामुळे खोलीला कमी डिवचतात आणि त्यांचा बास सडपातळ पण स्वच्छ वाटतो. त्यांची तुलना बंद खोक्याशी करताना पॅनेलच्या मागची भिंत किती लांब आहे ते बघून लिहा. हॉर्नवाल्या (कर्ण्याच्या आकाराच्या स्पीकरच्या) खोल्यांत अँप ट्यूबचा आहे का ते बघा. ट्यूब अँपचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममध्ये मोजतात तो विजेला होणारा विरोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पीडन्सच्या चढउतारासारखाच आवाजही वरखाली होतो, म्हणजे तुम्ही जो टोन ऐकताय तो त्या जोडीचा आहे, नुसत्या स्पीकरचा नाही. आणि सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यावर जास्त जाऊ नका, तो बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला दिलेला असतो, ८ ओहमला तो १ वॅट होतो पण ४ ओहमला २ वॅट, म्हणजे ४ ओहमवाल्याला ३ डेसिबल फुकटात मिळतात. डीएसपी किंवा रूम करेक्शन (खोलीचे दोष झाकायला सिग्नलच बदलणारं डिजिटल यंत्र) चालू आहे का, कुठे सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) लपवलाय का, हे सरळ विचारा, लोक सांगतात.

डोळ्यांचं काय करायचं हा अवघड प्रश्न आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ऑडिओ संशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्यामागून ऐकवले, आणि दिसत असताना दिलेले मार्क बदलले, ऐकण्याचा अनुभव असलेल्यांचेसुद्धा. शोमध्ये पडदा मिळणार नाही, पण निदान डोळे मिटा, आणि किमतीचा कागद मार्क लिहून झाल्यावरच वाचा. लिहायचं तेही खोलीतून बाहेर पडायच्या आत, कारण आवाजाचा बारीक तपशील काही सेकंदच डोक्यात राहतो, नंतर आपण आठवतो ती फक्त आपली शेरेबाजी. "मस्त", "म्युझिकल" असलं काही लिहू नका, "दुसऱ्या अंतऱ्यात स टोचतो, बाजूला गेल्यावर आवाज पातळ" असं लिहा म्हणजे संध्याकाळी पाच खोल्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

कान थकतात, हे पण धरून चला. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ९४ ला एकच तास. दुपारनंतर सगळेच स्पीकर जरा मंद वाटायला लागले तर तो तुमचा कान आहे. इअरप्लग खिशात ठेवा, महत्त्वाच्या खोल्या सकाळी दारं उघडल्या उघडल्या करा, तेव्हा गर्दी नसते आणि तुमचा ट्रॅक पूर्ण लावूनही देतात.

घरी आल्यावर यादीत जे दोन-तीन उरले असतील त्यांची मेजरमेंट शोधा, सीटीए-२०३४ (स्पीकर मोजायची एक ठरलेली पद्धत) पद्धतीचे ग्राफ मिळाले तर उत्तम, त्यात समोरचा आणि बाजूचा आवाज वेगवेगळा दिसतो आणि तुमच्या वहीतला "स टोचतो" ग्राफवर ५ ते ८ किलोहर्ट्झला उंचवटा म्हणून सापडतो का ते बघता येतं. दोन्ही जुळलं तर तो स्पीकर यादीतून निश्चिंत मनाने काढून टाका. ऑलिव्हच्या २००४ च्या अभ्यासात लोकांच्या पसंतीचा जवळपास ३० टक्के भाग बासवर ठरत होता, आणि शोमध्ये नेमका तोच कळत नाही, म्हणून उरलेले स्पीकर आपल्या खोलीत ट्रायलला मिळतात का ते विचारा. आणले की आधी खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढा, मग तोच तबला, तोच व्हॉल्यूम, आणि स्पीकर एका वेळी वीतभरच सरकवायचे.