बारा खाटांच्या एनआयसीयूला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला) किती सिस्टर लागतात? हिशेब असा मांडा

मंजूर पदांचा आकडा आधी बाजूला ठेवा. वर्षभरात एकूण किती ड्यूट्या भरायच्या आहेत, ते काढा.

12 खाटा, त्यांतल्या 2 व्हेंटिलेटरच्या. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एकास एक, म्हणजे 2 सिस्टर. उरलेल्या 10 बाळांना तिघांमागे एक धरली तर 3.33 येतात, ते 4 धरा, 3 नाही. पाळीला 6, तीन पाळ्या धरून दिवसाला 18, वर्षाला 6570 ड्यूट्या.

एक सिस्टर वर्षात प्रत्यक्ष किती दिवस येते? 365 मधून 52 वीकली ऑफ, 30 अर्जित रजा, 8 किरकोळ, सणावाराच्या साधारण 20 सुट्या, आजारपण-प्रशिक्षणाचे 10 दिवस वजा करा. उरले 245. नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुटी) वेगळा देत असाल तर तोही वजा करा. 6570 भागिले 245, म्हणजे 27. इन्चार्ज सिस्टर यात नाहीत.

भारतीय परिचर्या परिषदेच्या (नर्सिंग कौन्सिलच्या) निकषातली 30 टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवरच्यांच्या बदली धरायच्या जादा सिस्टर, दिवसाच्या 18 वर लावली की 24 च होतात. कमी पडलेल्या तिघींचं काम डबल ड्यूटीतून निघतं. त्यात 26 आठवड्यांची प्रसूती रजा! वर्षात दोघी रजेवर गेल्या की पुरी एक सिस्टर कमी झाली.

चार बाळांमागे एक लावून भागत नाही का? दर दोन तासांनी नळीवाटे दूध, म्हणजे आठ तासांत चौघांची मिळून 16 फीड. दूध मोजणं, नळी तपासणं, नोंद धरून फीडला 15 मिनिटं, की निम्मी पाळी दुधातच संपली. इंजेक्शनं, सलाईन, नातेवाईक अजून बाकीच.

खाटा नव्हे, बाळं मोजा. एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर) दोन बाळं झोपवत असाल तर सेन्सस रजिस्टरमधला (रोज किती बाळं दाखल आहेत त्या नोंदवहीतला) सगळ्यांत गर्दीचा महिना घ्या, वर्षाची सरासरी नको.

भरतीला उशीर नडतो तो इथे. वर्षाला 6 जणी सोडून जातात, जागा भरायला 3 महिने आणि नवी तयार व्हायला 2 महिने लागतात असं धरा: 30 महिन्यांचं काम, म्हणजे अडीच पदं कायम रिकामी. कंत्राटं एकाच महिन्यात संपू देऊ नका. नवी सिस्टर पहिले दोन महिने पाळीच्या सहात मोजू नका.

मोठ्यांच्या वॉर्डातून सिस्टर उसनी आणलीत तर औषधं तिच्याकडे एकटीकडे देऊ नका. इथे डोस किलोवर ठरतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं तरी डोस दहापट होतो.