ट्रम्पेटचे म्यूट : आवाजातला फरक घरच्या घरी कसा ताडून पाहावा

म्यूट म्हणजे आवाज दाबायला आणि त्याचा रंग बदलायला ट्रम्पेटच्या पुढच्या तोंडात बसवायचं साधन. तो घ्यायचा म्हटलं की बहुतेकजण दोन-चार व्हिडिओ पाहतात. वाजवणारा एकामागून एक म्यूट लावून तीच ओळ वाजवतो आणि शेवटी सगळेच आवाज थोड्याफार फरकाने सारखे वाटतात. दोष कानाचा नसतो. फोन आणि कॅमेरे हळू आवाज आपोआप मोठा करतात, मोठा आवाज दाबतात, आणि म्यूटने केलेला निम्मा बदल तिथेच पुसला जातो. म्हणून ही तुलना आपल्याच वाद्यावर, आपल्याच फुंकीने केलेली बरी. एक मोकळी दुपार आणि सोबतीला एक जण असला की काम होतं.

पायरी १ : कशाची तुलना करायची ते ठरवा

सुरुवातीला तीनच जाती घ्या: स्ट्रेट, कप आणि हार्मन. स्ट्रेट म्यूट म्हणजे बंद बुडाचा शंकू. त्याच्या मानेवर कॉर्कच्या तीन पट्ट्या असतात आणि पट्ट्यांमधल्या फटींतून आवाज बाहेर येतो. कप म्यूट म्हणजे असाच शंकू, फक्त त्याच्या टोकाला बेलकडे तोंड केलेली वाटी असते. (बेल म्हणजे ट्रम्पेटचा पुढचा पसरट भोंगा.) हार्मनची तऱ्हा वेगळी. त्याच्या मानेभोवती कॉर्कचं अखंड कडं असतं. बाजूने काहीच निसटत नाही, सगळा आवाज म्यूटच्या पोटातून फिरून मधल्या भोकातून बाहेर पडतो. त्या भोकात पुढे-मागे सरकणारी, काढता येणारी नळी बसते, तिला स्टेम म्हणतात.

धातूंच्या वादात लगेच पडू नका. ॲल्युमिनियमचा स्ट्रेट आणि पुठ्ठ्यासारख्या फायबरचा स्ट्रेट यांतला फरक खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही कळतो. पण बूड तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, ही चर्चा माझ्या मते श्रोत्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या समाधानासाठी जास्त असते. आधी जातींतला फरक कानात बसू द्या, धातू नंतर.

पायरी २ : खोली आणि फोन

टाइल्स लावलेली रिकामी खोली नको, तिथे सगळंच झळाळतं. पडदे, गादी, पुस्तकांचं कपाट असलेली खोली चांगली. फोन तुमच्यापासून साधारण ३ मीटरवर, कानाच्या उंचीला आणि बेलच्या सरळ रेषेपासून जरा बाजूला ठेवा. उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि शेवटपर्यंत तिथून हलू नका.

रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या ज्यात आवाजाची पातळी हाताने ठरवता येते. आपोआप पातळी सांभाळणारी आणि पार्श्वभूमीचा आवाज गाळणारी सोय बंद करा. म्यूट न लावता सर्वांत मोठ्याने वाजवून पातळी ठरवा आणि मग तिला हात लावू नका. ही एक पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया गेलं समजा.

फोन समोर लागतो, कारण वाजवणारा बेलच्या मागे उभा असतो. आवाजातली वरची धार सरळ पुढे जाते, मागे फार थोडी येते. त्यामुळे स्वतःला मऊ वाटणारा स्ट्रेट म्यूट समोरच्याला टोचत असतो.

पायरी ३ : वाद्य तापवा, सूर लावा

१५-२० मिनिटं नेहमीचा रियाज करा. नळीतली हवा तापते तसा सूर चढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ३ सेंट. १०० सेंटचा एक अर्धस्वर होतो. थंड वाद्यावर पहिला म्यूट आणि तापलेल्यावर तिसरा असं झालं तर म्यूटच्या खात्यावर हवेचा हिशेब मांडला जाईल.

सूर तपासायला ट्यूनर हवाच, पण तानपुऱ्याचं ॲपही लावा. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, म्हणून तानपुरा काळी पाचला. ट्यूनरचा काटा किती सेंट ते सांगतो. तानपुऱ्यासोबत मात्र बेसूरपणा थेट टोचतो, आणि म्यूट लावल्यावर कोणता स्वर घसरला ते पटकन सापडतं. रेकॉर्डिंग करताना तानपुरा बंद.

पायरी ४ : म्यूट नीट बसवा

बेलच्या आत तोंडाची उबदार वाफ सोडा, म्यूट आत घाला आणि किंचित पिळून बसवा. कोरड्या धातूवर कॉर्क धरत नाही. आणि लाकडी फळ्यांच्या स्टेजवर, शांत जागी ॲल्युमिनियमचा म्यूट पडला तर त्या दिवशीचा सर्वांत गाजलेला स्वर तोच ठरतो.

नव्या म्यूटचं कॉर्क मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. बारीक सँडपेपरने ते थोडं-थोडं उतरवता येतं. म्यूट जितका खोल जाईल तितका सूर आणि पोत दोन्ही बदलतात. पण घासलेलं कॉर्क परत वाढत नाही, तेव्हा आधी आहे तसा वाजवून पाहा. हार्मनचं कडं मात्र सगळीकडून घट्ट बसायला हवं. एका बाजूने फट राहिली तर त्याचा खास आवाज उरतच नाही.

पायरी ५ : काय वाजवायचं

प्रत्येक म्यूटवर हुबेहूब तेच. मी सुचवेन: मधल्या सप्तकात एक लांब स्वर, अगदी हळू सुरू करून मोठा करत नेलेला आणि परत उतरवलेला. मग तुटक, जिभेने तोडलेले स्वर. मग खाली उतरत तळाच्या एफ-शार्पपर्यंत, कारण खर्जातच म्यूटची परीक्षा होते. शेवटी एखादी गाती ओळ. भूपचा साधा आरोह-अवरोह यासाठी छान: पाचच स्वर, प्रत्येकावर थांबायला जागा, आणि सूर हलला तर मराठी कानाला लगेच कळतो.

पायरी ६ : क्रम आणि आंधळं ऐकणं

दर म्यूटच्या आधी तीच ओळ उघड्या बेलने वाजवा. म्हणजे कान मूळ आवाजावर परततो आणि ओठ थकले असतील तर तेही रेकॉर्डमध्ये दिसतं. संपल्यावर सोबत्याला फायलींची नावं बदलून, क्रम उलटसुलट करून द्यायला सांगा. कोणता म्यूट ऐकतोय हे ठाऊक असलं की महागडा म्यूट आपोआप गोड लागतो.

दोनदा ऐका. पहिल्यांदा आहे तसं. दुसऱ्यांदा सगळ्या फायलींचा आवाज कानाला सारखा करून, कारण जे मोठं ते चांगलं असं वाटणं कुणाला चुकलेलं नाही. पहिल्या फेरीत म्यूट किती दाबतो ते कळतं, दुसरीत त्याचा रंग.

पायरी ७ : नेमकं काय ऐकायचं

स्ट्रेट म्यूट खालच्या कंपनांना अडवतो आणि वरच्यांना वाट देतो. म्हणून आवाज बारीक, नाकातला, धारदार होतो. हळू वाजवला तर लांबून आल्यासारखा, मोठ्याने वाजवला तर कापत जाणारा. पहिल्या गुणाचा उत्तम नमुना फ्रेंच संगीतकार डेब्यूसीच्या ‘नॉक्टर्न्स’मधल्या ‘फेत’ या भागात आहे. मध्येच तीन म्यूट लावलेले ट्रम्पेट अगदी हळू सुरू होतात आणि दुरून मिरवणूक येते आहे असं वाटतं. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या कागदावर नुसतं ‘कॉन सोर्दिनो’ (म्यूट लावून) लिहिलं असेल तर स्ट्रेटच लावायचा, हा रिवाज आहे. ऐकताना स्वराची सुरुवात तपासा. चांगल्या स्ट्रेटमध्ये हळू स्वरही टिचकीसरशी सुरू होतो, वाईटात आधी हवा ऐकू येते.

कप म्यूट तळ आणि धार दोन्ही कापून मधलाच पट्टा ठेवतो. आवाज गोल, मऊ, थोडा झाकलेला. गायकाच्या मागे बसायला याच्यासारखा दुसरा नाही. वाटीची कड आणि बेल यांतल्या फटीवर सगळा खेळ असतो. फट कमी केली की आवाज आणखी दबतो, वाढवली की तो स्ट्रेटकडे झुकतो. डेनिस विक या कंपनीच्या कप म्यूटची वाटी पुढे-मागे करता येते. तसा म्यूट असेल तर जवळ, मध्यम आणि दूर अशी तीन रेकॉर्डिंग करा. तो एक म्यूट तीन म्यूटांचं काम करतो.

हार्मन स्टेमसकट आणि स्टेमविना, असा दोनदा वाजवायचा. स्टेम लावून त्याच्या तोंडावर हाताचा पंजा उघड-झाक केला की ‘वा-वा’ निघतं. स्टेम काढला की आवाज बरणीत अडकलेल्या भुंग्यासारखा होतो: पातळ, एकटा, जवळचा. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने हाच आवाज आपला करून टाकला, पण तो माइकच्या अगदी जवळ वाजवून. म्हणून ३ मीटरवरच्या रेकॉर्डिंगवरून हार्मनला नापास करणं अन्यायाचं आहे. त्याच्यासाठी फोन वीतभर अंतरावर आणून, पातळी नव्याने ठरवून वेगळं रेकॉर्डिंग करा. ते इतर म्यूटांच्या शेजारी ठेवू नका, दोन हार्मन असतील तर त्यांच्यातच ताडून पाहा.

हौस असेल तर प्लंजर जरूर. बेसिन तुंबल्यावर वापरतात तोच रबरी, काठी काढलेला, आणि अर्थात कोरा करकरीत. १९२०च्या दशकात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात बबर मायलीने बेलमध्ये छोटा स्ट्रेट आणि समोर प्लंजर धरून, घशातून गुरगुरत ट्रम्पेटला बोलतं केलं. पण इथे अर्धा आवाज डाव्या हाताचा असतो, तेव्हा दोन प्लंजरांची तुलना करण्यात अर्थ नाही. बकेट म्यूट, म्हणजे बेलच्या कडेला अडकवायचा, आत मऊ भरण असलेला डबा, आवाजाला फ्लुगलहॉर्नच्या, म्हणजे ट्रम्पेटच्याच मऊ आवाजाच्या भाऊबंदाच्या, जवळ नेतो.

फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांसाठी लागणारा प्रॅक्टिस म्यूट या स्पर्धेत धरूच नका. त्याचं काम आवाज गिळणं. सगळा रियाज त्यावरच केला तर फुंकीला चुकीच्या अडथळ्याची सवय लागते, एवढं लक्षात ठेवा.

पायरी ८ : सूर किती हलतो

म्यूट सूर हलवतो ही जुनीच गोष्ट आहे. १६०७च्या मॉन्टेव्हर्दीच्या ‘ऑर्फेओ’ ऑपेराच्या सुरुवातीच्या तुतारीवादनात म्यूट सांगितले आहेत, आणि त्या काळचे म्यूट सूर चक्क एक पूर्ण स्वर चढवत. आजचे इतका दंगा करत नाहीत. स्ट्रेट आणि हार्मन साधारणपणे चढतात, कप अनेकदा उतरतो, पण आपल्या वाद्यावर काय होतं ते ट्यूनर लावूनच ठरवा. सा, प, वरचा सा आणि खर्जातला एखादा स्वर, प्रत्येकाची नोंद करा. सगळे स्वर सारखेच चढले तर मुख्य ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर लावायची सरकती नळी, थोडी ओढून भागतं. एक चढतो आणि दुसरा उतरतो असं असेल तर स्लाइड काही करू शकत नाही. असा म्यूट आवाज कितीही गोड असला तरी ठेवून द्यावा.

पायरी ९ : दुकानात

स्वतःचं ट्रम्पेट, माउथपीस आणि वरची नोंद घेऊन जा. दुकानात आवाज नेहमी झळाळता लागतो, म्हणून तिथे पोत तपासायच्या फंदात पडू नका. खर्ज, हळू स्वराची सुरुवात आणि सूर एवढंच पाहा. मग ट्रम्पेट उजव्या हातात धरून डाव्या हाताने म्यूट लावा-काढा, खडखडाट न होता आणि दोन आकडे मोजायच्या आत. वाजवताना तेवढाच वेळ मिळतो. मोठ्याने वाजवल्यावर म्यूटमध्ये काही खुळखुळत असेल तर तो परत ठेवा, दुसरा मागा.