दाढ काढल्यावर ठणका थांबत नाहीये? या चुका टाळा

दाढ काढताना फारसं काही कळत नाही, खरा त्रास सुरू होतो तो घरी आल्यावर. आणि पहिली चूक पण तेव्हाच होते. तोंड अजून बधिर असतं, काहीच दुखत नसतं, म्हणून "आत्ता गोळी कशाला उगाच, दुखलं तर बघू" असं म्हणून गोळ्या बाजूला ठेवल्या जातात, मग दोन-चार तासांत भूल उतरते आणि असा ठणका लागतो की बसवत नाही, त्यात गोळी घेतली तरी ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातोच. दुखणं एकदा चढलं की खाली आणायला वेळ लागतो, त्यापेक्षा चढू न देणं सोपं. त्यामुळे भूल पूर्ण उतरायच्या आत पहिला डोस, आणि पहिले दोन दिवस "दुखेल तेव्हा" नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, घड्याळ बघून.

आता कुठली गोळी. लोकांना वाटतं जेवढी स्ट्राँग तेवढी चांगली. तसं नाहीये. दात काढल्यावरचं दुखणं हे बरंचसं सुजेचं दुखणं असतं, म्हणून सूज उतरवणारी आयबुप्रोफेन आणि सोबत पॅरासिटामॉल ही साधी जोडी इथे छान काम करते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2024 च्या गाइडलाइनमध्ये पण मोठ्या माणसांसाठी आधी याच गोळ्या सांगितल्यात, ओपिऑइडवाल्या, म्हणजे अफूच्या जातीच्या जड गोळ्या नाही. मोठ्यांना साधारण 400 मिलीग्रॅम आयबुप्रोफेन आणि 500 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल दिली जाते, पण तुमचा डोस तुमच्या डेंटिस्टने लिहिलाय तोच. अल्सर, किडनीचा त्रास, गोळीने उठणारा दमा, प्रेग्नन्सी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊच नका. आणि ती रिकाम्या पोटी पण नको, दोन घास मऊ काहीतरी पोटात जाऊ दे.

इथे एक चूक फार चुपचाप होते. डॉक्टरांनी दिलेल्या कॉम्बिनेशन गोळीत पॅरासिटामॉल आधीच असते, ते न बघता घरातली अजून एक पॅरासिटामॉल घेतली जाते, त्यात सर्दी असेल तर सर्दीची गोळी, तिच्यातही तीच. 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू घेणाऱ्यांना तर याहून कमी. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा, कंटाळा आला तरी वाचा.

अॅस्पिरिन दुखण्यासाठी नको, रक्त थांबायला वेळ लागतो. पण हार्टसाठी रोजची चालू असेल तर ती मनाने बंद पण करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील. आणि ती हिरडीवर ठेवायची आयडिया कोणी दिली माहीत नाही पण हिरडी चक्क भाजते त्याने. लवंगेच्या तेलाचं पण तसंच, ताज्या जखमेत थेट ओतलं तर आग होते आणि नाजूक भाग दुखावतो. डेंटिस्ट लवंगेतलंच युजेनॉल वापरतात हे खरंय, पण ते मापात, ड्रेसिंगमध्ये आणि गरज असेल तेव्हाच. घरातली बाटली म्हणजे ते नव्हे.

रक्ताची गाठ आणि आपले चाळे

दात निघाल्यावर जो खड्डा उरतो त्यात रक्ताची गाठ बनते, तिच्याखाली हाड आणि नसा झाकलेल्या असतात आणि तिथूनच नवीन टिश्यू भरत जातो. ती निघाली की जखम उघडी पडली, गुडघ्यावरची खपली खरवडून काढावी तसं. आणि बहुतेक चुका या गाठीशीच खेळण्याच्या आहेत. दर पाच मिनिटांनी कापूस काढून "रक्त थांबलं का" बघायचं, तर ते थांबणार कसं? गॉझ, म्हणजे जखमेवर ठेवलेली ती जाळीदार कापडाची घडी, नीट घट्ट चावून 30 ते 45 मिनिटं गप्प बसायचं. पहिले 24 तास जोरात चूळ नको, थुंकणं नको, स्ट्रॉने पिणं नको, लाळेत थोडा लालसर रंग दिसला तर घाबरू नका, लाळ गिळून टाका. जिभेने खड्डा चाचपत राहायचा मोह सगळ्यांनाच होतो, आवरा.

24 तासांनंतर मात्र उलटी चूक होते, भीतीने लोक तोंड धुतच नाहीत. कोमट ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात हळूच फिरवायचं आणि वाकून आपोआप खाली पडू द्यायचं, थुंकायचं नाही. बाकीच्या दातांना ब्रश चालूच ठेवायचा.

सिगारेट, तंबाखू याबद्दल लोक हमखास विचारतात, एखादी चालेल का. नाही चालणार. निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो, धूर आणि ओढण्याने गाठ हलते. निदान तीन दिवस तरी बंद, आठवडाभर जमलं तर उत्तम.

शेक कधी आणि बर्फ कधी यात पण गडबड. पहिल्या दिवशी बाहेरून गालावर बर्फ, फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, मग तेवढाच ब्रेक. गरम शेक पहिल्याच दिवशी दिला तर सूज वाढते, तो दोन दिवसांनंतर, जबडा आखडला असेल तर. झोपताना डोक्याखाली उशी जास्त घ्या, सपाट झोपलं की रात्री ठणका जास्त जाणवतो.

किती दुखतंय यापेक्षा कुठल्या दिवशी दुखतंय ते बघा

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आरशात बघून "बिघडलं वाटतं" म्हणायची गरज नाही. खड्ड्यात पांढुरका थर दिसला तर तोही बहुतेक वेळा पू नसतो, भरत येणारी जखम असते, ती टूथपिकने साफ करायला जाऊ नका प्लीज. दुखणं तिसऱ्या दिवसापासून उतरत जायला हवं, हळूहळू का होईना.

उतरत होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानापर्यंत कळ जातेय, तोंडाला घाण वास किंवा चव येतेय, गोळ्यांचा काही उपयोग होत नाहीये, तर हे ड्राय सॉकेट असू शकतं, म्हणजे ती गाठ निघून गेलीय आणि हाड उघडं पडलंय. खालच्या अक्कलदाढेला आणि स्मोकिंग करणाऱ्यांना हे जास्त होतं. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे गोळ्या वाढवत सहन करत बसतात. दुसरी म्हणजे उरलेलं जुनं अँटिबायोटिक काढून घेतात, ज्याचा या दुखण्याला उपयोग नाही, कारण अँटिबायोटिक म्हणजे पेनकिलर नव्हे. डेंटिस्ट खड्डा धुवून त्यात औषधाचं ड्रेसिंग ठेवतात आणि त्याने बऱ्याचदा लवकरच बरं वाटायला लागतं, मग उगाच दोन रात्री का जागायच्या?

लहान मुलांचं थोडं वेगळं. बधिर ओठ, गाल ते गंमत म्हणून चावत बसतात आणि नंतर तिथेच मोठी जखम होते, म्हणून भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा आणि चावून खायचं काही देऊ नका. औषध वजनाप्रमाणे, अॅस्पिरिन अजिबात नाही.

ताप आलाय, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतेच आहे, तासभर गॉझ दाबूनही रक्त थांबत नाहीये किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच आहे, तर त्याच दिवशी फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सीत. फोनवर नुसतं "खूप दुखतंय" सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. कितवा दिवस, दुखणं वाढतंय की उतरतंय, शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता घेतली, वास येतोय का, ताप किती, एवढं लिहून हाताशी ठेवा आणि मग नंबर लावा.