ॲपलचा स्पायवेअर अलर्ट आला तर काय करायचं?

स्पायवेअर म्हणजे फोनमधे गुपचूप घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, तुमच्यावर असा हल्ला झाल्याचा संशय आला की ॲपल हा अलर्ट पाठवतं. तर सगळ्यात आधी, नवी पेठेतल्या मोबाईलवाल्याला 'फॉरमॅट मारून दे' म्हणून फोन देऊ नका ओ, सगळा पुरावाच जाईल. ॲपलच्या अकाउंट साईटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा, अलर्ट खरा असेल तर वरतीच दिसतो, आणि खऱ्या अलर्टमधे लिंक दाबा, ॲप टाका, पासवर्ड सांगा असलं काही नसतंय. पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर ॲक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन फुकट मदत करते, तिथं कळवा.

मग फोन अपडेट करून लॉकडाउन मोड (आयफोनमधली कडक सुरक्षेची सोय) चालू करा, सेटिंगमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत अगदी खाली आहे. बऱ्याच अटॅचमेंट उघडायच्या बंद होतात, वैताग येतो, पण चालवून घ्या.

तक्रार सोलापूरच्या सायबर पोलिसांत जरूर द्या, पण पेगासस नावाचं स्पायवेअर बनवणारी एनएसओ कंपनी इस्रायलची आणि तिचं म्हणणं की आम्ही फक्त सरकारांनाच विकतो, मग एकटं ठाणं करणार काय? म्हणून तर अमेरिकेनं २०२१ ला तिला ब्लॅकलिस्ट केलं, ब्रिटन-फ्रान्सनं २०२४ ला असल्या स्पायवेअरच्या धंद्याला आळा घालायला पॉल मॉल प्रोसेस नावाची देशादेशांमधली बोलणी काढली, तीही बंधनकारक नाहीच म्हणा.