जिल्हा रुग्णालयातलं पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारीतलं) डायलिसिस केंद्र : करार करताना या चुका टाळा

2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात कामाची वाटणी ठरलेली आहे. मशीन, आरओ प्लांट, मनुष्यबळ, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) खासगी भागीदाराचे. जागा, औषधं, वीज, पाणी आणि गरीब रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च राज्य सरकारचा. घोडं अडतं ते या दोन याद्यांच्या मधोमध.

सगळ्यात महागात पडते ती ‘पाणी रुग्णालय पुरवील’ ही मोघम ओळ. मशीनमधून मिनिटाला साधारण 500 मिली द्रव वाहतो, म्हणजे 4 तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर शुद्ध पाणी. 10 मशीन, रोज 3 शिफ्ट धरा : 3,600 लिटर. आरओ निम्मं पाणी बाहेर टाकत असेल तर टाकीत 7,200 लिटर यायला हवं. मशीन धुण्याचं वेगळं. हा आकडा करारात घाला. उन्हाळ्यात टँकर कोणी मागवायचा आणि पैसे कोणी द्यायचे, तेही लिहा.

टँकरच्या पाण्यात क्लोरीन सढळ हाताने टाकलेलं असू शकतं. कार्बन फिल्टर थकला असेल तर क्लोरामाइन (क्लोरीनचं संयुग) आरओच्या पडद्यालाही जुमानत नाही; ते रक्तात पोचलं की तांबड्या पेशी फुटतात. म्हणून दर शिफ्टआधी कार्बन टाकीतून गाळून बाहेर पडणारं पाणी तपासायचं. एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर कोणालाही मशीनवर घ्यायचं नाही. नोंदवहीवर रुग्णालयाच्या माणसाचीही सही असू द्या. नुसती कंत्राटदाराची सही असली की वहीतले आकडे महिनाभर एकसारखे दिसतात.

‘95 टक्के अपटाइम’ (मशीन इतका वेळ चालू हवं) हेही फसवं कलम. 30 दिवसांच्या महिन्यात 5 टक्के म्हणजे 36 तास. एवढा वेळ मशीन सलग बंद राहिलं तरी दंड शून्य, आणि रुग्ण मात्र पोटॅशियम वाढवून घरी. हिशोब तासांवर नको, हुकलेल्या डायलिसिसवर ठेवा. दुरुस्तीची मुदतही लिहा.

बिलं तुंबली की कात्री आधी साहित्याला लागते. डायलायझर पुन्हा वापरायला परवानगी असेल, तर त्याची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेल्यावर तो फेकायचा, असं स्पष्ट लिहा आणि दर वापराचं मोजमाप बिलासोबत मागा. बिल तपासायला सरकारी बाजूनेही दिवस बांधून घ्यावेत. नाहीतर दंडाची कलमं कागदावरच राहतात.

हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळं मशीन निविदेतच मोजा. ते नंतर मागितलं की जागा कोणाची, यावरून फाइल फिरत राहते.