पीएलसी प्रोग्रॅमिंगमधल्या या चुका टाळा, आणि सुरुवात स्टॉप बटणापासून करा

गोव्यातली वेर्णा असो, कुंडई असो की पिसुर्लेची औद्योगिक वसाहत, मशीन अडलं की पीएलसीवाला (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आधी लॅपटॉप उघडतो आणि पॅनलचं दार नंतर. हा क्रम चुकीचा आहे. निम्मे घोळ प्रोग्रॅम आणि वायर यांचा मेळ न बसल्यामुळे होतात, आणि ते नुसत्या स्क्रीनवर दिसत नाहीत. त्यातला सगळ्यात धोक्याचा घोळ स्टॉप बटणाचा.

स्टॉपला एनसी ब्लॉक, म्हणजे बटण न दाबता जोडलेला राहणारा संपर्क, लावायचा असतो. बटण मोकळं असताना इनपुटला २४ व्होल्ट मिळत राहतात, पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा दिवा पेटलेला असतो आणि त्या इनपुटचा बिट (मेमरीतली ० किंवा १ ची नोंद) १ असतो. बटण दाबलं की बिट ०. म्हणून लॅडरमध्ये (शिडीसारख्या आकृतीतल्या प्रोग्रॅममध्ये) स्टॉपसाठी एनओ चिन्हाचाच, म्हणजे बिट १ असतानाच पुढे जाऊ देणारा, कॉन्टॅक्ट घ्यायचा. नवशिका मात्र जुन्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) ड्रॉइंगमध्ये बघून लॅडरमध्येही एनसीचं चिन्ह टाकतो. मोटर सुरूच होत नाही. मग लॅडरमधलं एक चिन्ह बदलायचं सोडून तो बटणाचा ब्लॉकच बदलतो, एनसीच्या जागी एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडणारा. मोटर चालते, स्टॉप दाबला की थांबते, आणि गडी सामान आवरून निघतो.

कुंडईच्या एका कारखान्यात पेट्यांचा कन्व्हेयर असाच चालू करून दिला होता. जुलैच्या पावसात जंक्शन बॉक्सच्या ढिल्या ग्लँडमधून (केबल आत घेणाऱ्या बुचातून) पाणी शिरलं, टर्मिनलमधला फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) गंजला आणि स्टॉपची वायर निसटली. कुणाला पत्ताच लागला नाही, कारण एनओ बटणाची वायर तुटली तरी पीएलसीला काही कळत नाही. बिट आधीही ० होता, नंतरही ०. पुढे एक पेटी वळणावर अडकली. ऑपरेटरने स्टॉप दाबला, पट्टा चालूच. पुन्हा दाबला, तरी चालूच. शेवटी हेल्परने धावत जाऊन पॅनलचा आयसोलेटर (मुख्य स्विच) पाडला. तोवर मागच्या पेट्या एकमेकींवर चढून फुटल्या होत्या. पेटीच्या जागी कुणाचा हात असता तर? एनसी वायरिंग असतं तर वायर निसटली त्याच क्षणी पट्टा थांबला असता, आणि मेंटेनन्सवाल्याला विझलेला इनपुट दिवा बघून दोष सापडला असता.

त्यामुळे कमिशनिंगला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करून देताना, दोन गोष्टी करायच्याच. बटणाच्या ब्लॉकवरचे आकडे वाचायचे: शेवटी १-२ असेल तर एनसी, ३-४ असेल तर एनओ. मग मोटर रिकामी चालवून स्टॉपची वायर टर्मिनलमधून सोडायची. मोटर थांबली नाही तर मशीन कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. मोटरवर जास्त भार आला की तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेचंही तसंच. ९५-९६ हा एनसी संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये थेट हवा, फक्त प्रोग्रॅमवर विसंबून चालत नाही. इमर्जन्सी स्टॉपने तर सेफ्टी रिलेमधून कॉइलचा पुरवठाच तोडायला हवा, पीएलसीला फक्त खबर द्यायची. ‘हे नंतर करू’ असं ज्या ज्या पॅनलवर म्हटलं जातं, तिथे ते राहूनच जातं.

दुसरी चूक डबल कॉइलची, म्हणजे लॅडरमध्ये एकाच आउटपुटची कॉइल (तो आउटपुट लिहिणारं चिन्ह) दोनदा वापरण्याची. चौथ्या नेटवर्कमध्ये (लॅडरच्या पायरीत) मॅन्युअलसाठी क्यू०.० या मोटरच्या आउटपुटची कॉइल, आणि सतराव्या नेटवर्कमध्ये ऑटोसाठी पुन्हा क्यू०.० ची कॉइल. ऑनलाइन बघितलं तर चौथं नेटवर्क डावीकडून उजवीकडे हिरवंगार, पण मोटर हलत नाही. मग रिले बदलतात, मग कार्ड बदलतात, दोन शिफ्ट वाया जातात. कारण साधं आहे. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली चालवतो आणि शेवटी आउटपुट बाहेर पाठवतो. चौथ्या नेटवर्कने लिहिलेला १ सतराव्याने पुसून ० केलेला असतो, आणि कार्डापर्यंत तो ०च पोचतो. मॅन्युअलचा निकाल एका मेमरी बिटमध्ये ठेवा, ऑटोचा दुसऱ्या, आणि दोन्ही समांतर जोडून खाली एकच कॉइल द्या. आउटपुटची सगळी नेटवर्क एकाच ब्लॉकमध्ये एकाखाली एक असली की शोधाशोध उरत नाही. डाउनलोड करण्याआधी क्रॉस रेफरन्स उघडून प्रत्येक आउटपुट किती ठिकाणी लिहिला जातो ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

ॲनालॉगचं, म्हणजे पातळी किंवा तापमानासारख्या कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलचं, गणित पूर्णांकात (इंटिजरमध्ये) करू नका. सीमेन्सच्या कार्डावर पूर्ण रेंज म्हणजे २७६४८. इंटिजरची मर्यादा ३२७६७. टक्के काढायला कच्च्या आकड्याला आधी १०० ने गुणलं तर कच्चा आकडा ३२८ झाला की मर्यादा ओलांडते. आधी २७६४८ ने भागलं तर टाकी काठोकाठ भरेपर्यंत उत्तर ०. रिअलमध्ये (दशांश संख्येत) बदला, किंवा नॉर्म-एक्स आणि स्केल-एक्स या तयार सूचना वापरा, ते त्यासाठीच दिलेत.

एन्कोडर (शाफ्टचं फिरणं पल्समध्ये मोजणारा सेन्सर) फेरीला १००० पल्सचा आणि शाफ्ट ३०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला ५००० पल्स. साध्या काउंटरला ते दिसणारच नाहीत, हाय स्पीड काउंटर हवा. सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीवर तोही लावतात आणि तरी मोजणी चुकते, कारण इनपुट फिल्टर कारखान्यातून आलेल्या ६.४ मिलिसेकंदांवरच राहिलेला असतो. त्यातून फार तर ७८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७८ पल्स, पलीकडे जातात. प्रोग्रॅम उसवण्याआधी हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये तो फिल्टर कमी करा.

एकच टायमर इन्स्टन्स (टायमरची मेमरीतली जागा) दोन ठिकाणी वापरू नका. डेल्टाच्या पीएलसीला जोडणी होत नसेल तर केबलला दोष देण्याआधी कम्युनिकेशनची सेटिंग ९६००, ७, ई, १ (वेग, डेटा बिट, इव्हन पॅरिटी, स्टॉप बिट) आहे का ते बघा. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत अपग्रेड केला की जुन्यात उघडत नाही, म्हणून आधी प्रत काढा. सगळं काही लॅडरमध्येच कोंबू नका: इंटरलॉक लॅडरमध्ये, हिशेब स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (मजकुराच्या भाषेत), क्रमवार चालणारी मशीन एसएफसीमध्ये (टप्प्यांच्या आकृतीत). इन्स्ट्रक्शन लिस्ट ही भाषा मात्र नव्याने शिकू नका, पीएलसीच्या भाषांचं मानक असलेल्या आयईसी ६११३१-३ च्या २०१३ च्या आवृत्तीनेच ती मोडीत काढायचं ठरवलं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरणारा पेन ड्राइव्ह प्लांटच्या लॅपटॉपला लावू नका. २०१० साली सापडलेला, पीएलसीवर हल्ला करणारा स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून आणि सीमेन्सच्या स्टेप-७ सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधूनही पसरत होता.

फोर्स (इनपुट किंवा आउटपुटला लॅपटॉपवरून सक्तीने दिलेली किंमत) लावून निघून जाणं हा तर गुन्हाच समजावा. एस७-१२०० वर लॅपटॉप काढला तरी फोर्स तसाच राहतो, वीज जाऊन आली तरीही. टाकीच्या लो लेव्हलचा इनपुट फोर्स केलेला राहिला की पंप कोरडा फिरून सील जाळतो. निघताना सीपीयूवरचा मेंटेनन्सचा पिवळा दिवा विझलाय ना, हे डोळ्यांनी बघा.

आपल्याकडे जून लागला की वीज दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही, म्हणून मेमरीकडे नीट लक्ष द्या. मित्सुबिशीच्या एफएक्स३यू मध्ये एम५०० पासून पुढचे बिट मुळातच लॅच, म्हणजे वीज गेली तरी टिकणारे, असतात. मोटरचा रन बिट तिथे सेट केला तर वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, आणि तेव्हा कुणी पट्ट्यातली पेटी काढत असेल. रन बिटला एम० ते एम४९९ मधली जागा द्या आणि सेल्फ होल्डिंग (स्टार्टला समांतर रन बिटचाच कॉन्टॅक्ट) वापरा. याच पीएलसीचा प्रोग्रॅम बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतो. पीएलसीवरचा बॅट (बॅटरीचा) दिवा लागला की बॅटरी त्याच आठवड्यात बदला. आधी प्रोग्रॅम अपलोड करून प्रत दोन ठिकाणी ठेवा, मग वीज बंद करा, आणि जुनी बॅटरी काढल्यापासून २० सेकंदांत नवी जोडा.